गालाला पॅड लावून बघणारे मामा

मामांच्या दोन्ही हातांची बोटं बधिर झाली होती, हे आमच्या दुकानात फक्त मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणीही म्हणेल की म्हातारा चक्रम होता. मीही तेच म्हणायचे. चक्रम तर ते होतेच, बोटं धडधाकट असती तरी असतेच. पण त्यातला मूळचा चक्रमपणा कुठला आणि बोटांमुळे आलेला कुठला, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी जे केलं ते आठवलं की अजून एका जागी बसवत नाही. उठून दोन फेऱ्या मारते, मग पुन्हा लिहायला बसते.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं गाड्या पॉलिश करायचं दुकान होतं. आमचं म्हणजे शेठचं. शेठ आधी फरशांचा धंदा करायचे, त्यामुळे चकाकणारी कुठलीही गोष्ट आपल्याला कळते असा त्यांचा समज होता. दुकानाला ते 'स्टुडिओ' म्हणायचे. मी काउंटरला. गाडी आली की चारी बाजूंनी फोटो काढायचे, आधीचे ओरखडे नोंदवून गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि हसून "संध्याकाळी मिळेल" म्हणायचं. ती संध्याकाळी मिळणार नाही हे मला ठाऊक असायचं, कारण आत मशीन मामा चालवायचे.

पॉलिशच्या मशीनच्या तोंडाला एक गोल पॅड लागतो, फोमचा नाहीतर लोकरीचा. त्यावर मलमासारखं पॉलिश घ्यायचं आणि तो गाडीवर फिरवायचा. रंगावरचा अगदी पातळ थर घासला जातो, त्याबरोबर ओरखडे जातात. मला वाटायचं, यात डोकं लावण्यासारखं काय आहे? पॅड लावा, बटण दाबा, फिरवा. माझा स्वभाव असाच, तव्यावरची पोळी फुगायच्या आत उलटणारा.

मामांना नुसता पॅड निवडायला तासभर लागायचा.

त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तीत झाकणाचे डबे, आणि प्रत्येक डब्यात एकच पॅड, धुऊन, वाळवून, आडवा ठेवलेला. पॅड उभा ठेवला तर तो वाकडा होतो आणि वाकडा पॅड गाडीवर नाचतो, असं त्यांचं म्हणणं. डब्यांवर नाव नाही, नंबर नाही. मी एकदा मदत म्हणून पॅडच्या रंगाप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळा, केशरी, निळा, पांढरा. दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर एकाखाली एक लावलेल्या.

"रंगावर जाऊ नका, ताई," ते म्हणाले. "ह्या कंपनीचा पिवळा कडक, त्या कंपनीचा पिवळा लोण्यावानी. रंग काय, कोणी पण कायबी देतं. दाबून बघायचं असतं."

हे बोलतानाही ते चालत होते. मामा बसलेले मी पाहिलेच नाहीत. चहाचा ग्लास घेऊन गाडीभोवती फिरायचे, फिरता फिरता एक घोट, मग वाकून दाराकडे तिरकं बघणं, मग दुसरा घोट. डबासुद्धा उभ्यानेच खायचे. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागच्या गाडीकडे बघायचे. गिऱ्हाईक बिचारं मागे वळून बघायचं, कोण आलंय म्हणून.

त्यांचा नियम एकच, आधी मऊ. बॉनेटच्या एका कोपऱ्यात चिकटपट्टीने वीतभर चौकोन आखायचे. त्यात सगळ्यात मऊ पॅड फिरवायचा, पुसायचं, दिवा जवळ धरून बघायचं. ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतंय अजून? मग त्याहून जरा कडक पॅड. पुन्हा पुसणं, पुन्हा दिवा. लोकरीचा पॅड म्हणजे शेवटचा उपाय. शेठ काचेच्या दाराआडून घड्याळ बघायचे.

"मामा, सरळ लोकर लावा ना! एका हातात साफ!"

"नवी सून पहिल्या दिशी जात्यावर बसवत्यात का, शेठ?"

"मामा, आता जातं राहिलंय कुठं?" मी म्हणाले.

"म्हनून तर सुना सुखात हायत," मामा म्हणाले आणि गाडीच्या पलीकडे गेले.

पॅड खाली पडला की त्या पॅडचं आयुष्य संपलं. मग तो कालच आणलेला का असेना. जमिनीवरचा एक खडा फोमात शिरला की पुढच्या गाडीवर गोल गोल नक्षी काढतो, हे खरं आहे. पण मामा त्याचं सुतकच पाळायचे. पॅड उचलून कपाळाला लावायचे, म्हणायचे, "तुझी गाडी संपली रे बाबा," आणि तो वेगळ्या पिशवीत टाकायचे. त्या पिशवीतले पॅड शिवून त्यांनी सायकलच्या सीटला गादी केली होती, चार रंगांची. सिडकोच्या चौकात ती सायकल लांबूनही ओळखू यायची. मला एक पॅड कढईखाली ठेवायला दिला होता. आईने तो पाहिला आणि विचारलं, हा कुठल्या देवाचा?

देवावरून आठवलं. नवी गाडी घेतली की लोक ती त्र्यंबकेश्वरला नेतात, पूजा करतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. मग गाडी आमच्याकडे येते. मामा त्या स्वस्तिकाला हात लावायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात ओलं फडकं द्यायचे आणि सांगायचे, "तुमी काढलं, तुमीच पुसा." एक बाई चांगल्याच चिडल्या. अहो, पैसे कशाचे घेता मग? मामा फडकं पुढे धरून उभे. शेवटी त्यांच्या नवऱ्याने पुसलं, आधी फोटो काढून, मग नमस्कार करून. मी नंतर विचारलं, "मामा, एवढं सोवळं?"

"सोवळं कसलं! कुंकवात रेती असती. मी पुसताना एक जरी ओरखडा उठला तर म्हनतील देव कोपला. आपल्या हातानं पुसलं तर गप बसत्यात."

असे ते हिशेबी चक्रम होते. मला ते आवडायला लागले होते, आणि त्याचा मला रागही यायचा, कारण त्यांच्यापायी गिऱ्हाइकांच्या शिव्या मी खात होते.

मग गालाचं सुरू झालं. मामा पॅड बोटांनी दाबून बघायचे ते थांबले आणि गालाला लावून बघायला लागले. डोळे मिटून, एक पॅड गालाला, मग दुसरा. पुढे मशीन थांबवून मध्येच वाकायचे आणि बॉनेटलाच गाल टेकवायचे, किती तापलंय बघायला. पॅड एका जागी जास्त फिरला की रंग तापतो, तापला की मऊ पडतो आणि मग क्षणात जळतो. पूर्वी ते हाताच्या बोटांनी बघायचे. शेठनी मामांचा गाल टेकवलेला व्हिडिओ काढला. 'गाडीचा पापा घेणारे मामा' असं लिहून सगळीकडे पाठवला. लोक तो बघून यायला लागले. गाडी दाखवायच्या आधी विचारायचे, ते पापावाले कोण? मामांनी तो व्हिडिओ पाहिला त्या दिवसापासून बॉनेटला गाल लावणं बंद केलं. त्यांच्या फेऱ्या मात्र वाढल्या.

थंडीतली गोष्ट. नाशिकची थंडी, सकाळी नळाला हात लावावासा वाटत नाही अशी. एका पांढऱ्या गाडीचं काम चाललं होतं. मी सहीचा कागद घेऊन आत गेले तर दारावर लाल रेघ.

"मामा, पांढऱ्या गाडीवर लाल कुठून आलं?"

मामांनी पॅड बघितला. पॅडवर लाल. मग मी त्यांचा हात बघितला. चिकटपट्टी कापताना ब्लेडने बोट चांगलं खोल कापलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. बोटांची टोकं पांढरीफटक, मेणाची असावीत तशी.

मी ओरडणार तोच त्यांनी दुसऱ्या हाताने मला गप केलं. बोटाला चिकटपट्टीच गुंडाळली.

"डाक्टर म्हनले मशीनच्या थरथरीनं झालंय. तीस वर्षं धरलंय ना. सोडा म्हनले." ते माझ्या मागच्या गाडीकडे बघत होते. "सोडून काय करू? पोराचं नांदगावला किराणा दुकान हाय. तिथं गल्ल्यावर बसून माशा मारू? ताई, उलटं बघा, मशीन धरलं की हात शांत. सोडलं की थरथरतो. शेठला बोलू नका."

मी नाही बोलले. आणि त्या दिवसापासून मी मामांची बोटं झाले. हे ठरवून झालं नाही. ते मशीन थांबवायचे, "ताई?" म्हणायचे, मी नोंदवही घेऊन काहीतरी लिहायचंय असं दाखवत आत जायचे आणि गाडीला हाताची मागची बाजू लावायचे. त्यांनीच शिकवलं होतं. चहाच्या बशीएवढं कोमट असलं तर "ठीक". आंघोळीच्या पाण्याएवढं लागलं तर "थांबा". ताप बघायची बंदूक येते, मी ती आणू का विचारलं, तर म्हणाले, "आनली की शेठ इचारणार, मामा, आता का लागली?" ते खरंच होतं. शेठना वाटलं मला कामाची गोडी लागली. माझं कौतुक केलं, पगार वाढवायचा विचार करतो म्हणाले.

पॅड मात्र त्यांनी मला कधी दाबायला सांगितला नाही. "पॅडचं मी बघतो," म्हणायचे. "गाल हाय ना अजून." माझ्या हातावर त्यांनी उष्णता सोपवली, निवड नाही. मामांचा सगळा मान त्या निवडीत होता.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे जत्राच. सगळ्यांनाच पूजेला गाडी आरशासारखी हवी असते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एका साहेबांची काळी गाडी आली होती. तिकडच्या गाड्यांवर राखेची पूड असते, ती मामांनी दोनदा धुऊन काढली होती. काळ्या गाडीवर सगळं दिसतं, म्हणून काळी गाडी आली की मामा जास्तच फिरायचे. साहेब मऊ बोलणारे. म्हणाले, घाई नाही. घाई नाही म्हणणारं त्या आठवड्यातलं ते एकच गिऱ्हाईक.

काउंटरला सहा माणसं उभी होती. एक बाई मला सांगत होत्या की त्यांना आत्ताच्या आत्ता गाडी हवी, आणि मी सांगत होते की गाडीची चाकं अजून ओली आहेत. घरून आईचा निरोप होता की मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून झेंडूचे कॅरेट बाजारात पोचवायला माणूस नाही, तू लवकर ये. माझं डोकं उठलं होतं. आतून मशीन थांबल्याचा आवाज आला आणि मामांची हाक.

"ताई?"

"ठीक!" मी काउंटरवरूनच ओरडले.

त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांच्या मनात शंका असणार. मला आत येताना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण ते गाडीच्या पलीकडे वाकलेले, मी येऊन हात लावून गेले असेन असंही त्यांना वाटलं असेल.

"ताई, ठीक ना?"

"ठीक आहे मामा, चालवा!"

मशीन सुरू झालं. मी त्या बाईंना म्हणाले, दहा मिनिटं. पुढे दहा सेकंदही झाले नसतील, मशीन बंद पडलं, आणि या वेळी हाक आली नाही.

बॉनेटच्या मधोमध जी उंच रेघ असते, तिथे रंग आधीच पातळ असतो. तिथे दोन बोटांएवढा करडा डाग उमटला होता. काळा रंग जळून निघाला होता, खालचा थर दिसत होता. गाडीचा रंग पॅडवर यायला नको, वरच्या पारदर्शक थरावरच काम व्हायला हवं. मामांच्या हातातला पांढरा पॅड मधोमध काळा झाला होता. ते त्या पॅडकडे बघत होते. मी बॉनेटला हात लावला. हात टेकवत नव्हता.

शेठ आले. एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरची माणसंही गप्प झाली. साहेबांना बोलावलं. साहेबांनी डाग पाहिला आणि म्हणाले, "असू द्या, होतं." ते ऐकणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"मामा, झालं कसं हे?" शेठ म्हणाले.

"तेच बघतोय," मामा म्हणाले. "माझ्या हातून झालंय."

मी तिथेच उभी होते, नोंदवही छातीशी धरून. मी म्हणायला हवं होतं की मामांनी विचारलं होतं आणि मी न बघता सांगितलं. पण ते म्हटलं असतं तर शेठनी विचारलं असतं, त्यांना तुला का विचारावं लागतं? मग बोटांचं बाहेर आलं असतं. मी मामांचं गुपित राखलं, असं मी स्वतःला सांगितलं. रात्री सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुढे कित्येक दिवस सांगत राहिले. खरं हे की मला नोकरी जायची भीती वाटली आणि माझी चूक मामांच्या बधिर बोटांमागे मस्त लपत होती.

मामांना कोणी काढलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. पेटी तशीच होती. मी उघडली तर एक डबा रिकामा. शेठनी नवा माणूस ठेवला, तो सरळ लोकरीचा पॅड लावायचा आणि दिवसाला तीन गाड्या काढायचा. उन्हात त्या गाड्यांवर गोल गोल रेघा दिसायच्या. गिऱ्हाइकं खूश होती. मी मामांना फोन करायचं रोज ठरवायचे. नंबर काढायचे, काय बोलायचं ते तोंडात घोळवायचे, आणि कोणीतरी काउंटरवर यायचं. किंवा कोणी यायचं नाही, तरी मी ठेवून द्यायचे.

आठ महिन्यांनी आमच्या नात्यातलं एक लग्न नांदगावला निघालं. जेवणं झाल्यावर मी विचारत विचारत मामांच्या मुलाच्या दुकानी गेले. दुकान पुढे, घर मागे. मामांच्या सुनेने ओळख विचारली आणि मी सांगताच म्हणाली, "बरं झालं आलात. बघा तुमचं ऐकत्यात का. रातचं झोपत नायत, आंगनात फिरत्यात. गल्ल्यावर बसवलं तर गिऱ्हाइकालाच कायतरी इचारत बसत्यात."

मामा मागून आले. वाळले होते. मला पाहून हसले आणि लगेच आत गेले. बाहेर आले ते तो पॅड घेऊनच. धुतलेला होता, तरी मधला काळा डाग गेला नव्हता.

"ताई, दाबा," ते म्हणाले.

"मामा, बसा तरी आधी."

"दाबा हो. मऊ हाय का कडक? साऱ्या गावाला इचारून झालं. समदे म्हनत्यात मऊ. पन त्यांना काय कळतंय, त्यांनी दुसरा दाबलाच नाय कधी. तुमी साऱ्या गाड्यांना हात लावलाय."

मी दाबला. लोण्यासारखा मऊ. चिठ्ठ्या चिकटवताना त्यांच्या पेटीतले सगळे पॅड मी हाताळले होते, त्यात इतका मऊ दुसरा नव्हता.

"मऊ आहे, मामा. अगदी मऊ."

"मंग जळलं कसं?" मामा जवळजवळ ओरडले. सून दारात आली. "मऊ पॅड, हळू मशीन, तुमी हात लावून ठीक म्हनल्या. मंग जळलं कसं? मला वाटतं माझा गालबी गेला. बोटं गेली तवा एवढं नाय वाटलं. पन पॅडच चुकला आसंल तर मी तीस वर्षं केलं काय?"

सून उभी होती, तिच्यासमोर बोलायचं की नाही, एवढाही विचार केला नाही.

"मामा, मी हात लावलाच नव्हता. तुम्ही विचारलंत, मी काउंटरवरूनच ठीक म्हणाले. दोन्ही वेळा. नंतर मी हात लावला तेव्हा ते भाजत होतं."

मामा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मागे कुठे नाही, माझ्याकडे.

"म्हंजे पॅड बरोबर व्हता," ते म्हणाले.

"हो."

"पॅड बरोबर व्हता!" ते सुनेला म्हणाले. तिला काय कळणार, पण तीही हसली. मामांनी पॅड माझ्या हातातून घेतला, गालाला लावला, पुन्हा बघितला. चहा ठेव म्हणाले, घट्ट ठेव म्हणाले. मग मला सगळं विचारलं. काउंटरला किती माणसं होती, शेठ कुठं होते, नवा माणूस कुठला पॅड लावतो. लोकर ऐकून कपाळावर हात मारला आणि मनापासून हसले. मी पण हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मला वाटलं, झालं, फिटलं.

निघाले तेव्हा ते मला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आले. पॅड अजून हातातच होता. हात थरथरत होता.

"ताई," ते म्हणाले, "आठ महिने झाले. फोन व्हता ना तुमच्याकडं?"

"होता," मी म्हणाले.